टेंडनच्या पेशी वाढवायच्यात? पहिल्या डिशपासून सुरुवात

लॅबमध्ये नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, कुठला वापरायचा. आणि मी दर वेळी उलटा प्रश्न टाकतो की बाबा तुला नक्की बघायचंय काय? कारण टेंडन, म्हणजे आपली कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारा तो पांढरा चकचकीत दोर, त्याच्या पेशी प्लॅस्टिकवर वाढवणं काही फार अवघड नाहीये. कुठल्याही फायब्रोब्लास्टसारख्या (तंतू बनवणाऱ्या साध्या पेशींसारख्या) त्या चिकटतात, पसरतात, आठवड्या-दोन आठवड्यात डिश भरून टाकतात. गोची अशी की डिश भरेपर्यंत त्या टेंडनच्या राहिलेल्या असतातच असं नाही. त्यामुळे खाली प्रत्येक पायरीला मी हाच हिशोब मांडणारे, की इथे पेशी आपलं मूळ किती विसरली.

शरीरात ती कशी राहते ते आधी बघू. टेंडनच्या सुक्या वजनात साधारण ६५ ते ८० टक्के कोलॅजन, म्हणजे तंतू बनवणारं प्रथिन, असतं आणि त्यातलं बहुतेक सगळं टाइप १. पेशी अगदी मोजक्या, कोलॅजनच्या तंतूंमध्ये लांबट रांगा करून बसलेल्या, एकमेकींना गॅप जंक्शनने, म्हणजे पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांनी, जोडलेल्या, आणि कायम ताणाखाली. आता आपण काय करतो, तिला तिथून उचलतो, सपाट कडक प्लॅस्टिकवर बसवतो, वर १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पाजतो आणि ताण शून्य. निरोगी टेंडनमध्ये रक्तपुरवठा मुळात कमी, तिथे पेशीला इतकं सीरम भेटतं ते इजा झाल्यावर, म्हणजे तिच्या दृष्टीने काहीतरी फाटलंय आणि आता दुरुस्तीला लागायचंय. आपण मात्र रिपोर्टमध्ये लिहितो 'नॉर्मल टेनोसाइट', म्हणजे टेंडनची निरोगी पेशी.

पायरी १. प्रश्न ठरवा, पद्धत त्यावरून

ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. एखादं औषध पेशींना मारतं का, कुठला रिसेप्टर आहे का, एखादा सिग्नल चालू होतो का, असले प्रश्न असतील तर साधं डिशमधलं कल्चर पुरतं. पेशी आणि तिच्याभोवतीचं खरं कोलॅजन यांचं नातं बघायचं असेल, म्हणजे ताण काढल्यावर टेंडन खराब का होतं वगैरे, तर अख्खा तुकडा जिवंत ठेवा. आणि नवीन टेंडन तयार कसं होतं, तंतू एका दिशेत कसे लागतात, हे बघायचं असेल तर जेलमध्ये त्रिमितीय कल्चर. हे सुरुवातीला ठरवलं नाही की काय होतं, सहा महिने सपाट डिशमध्ये काम करून मग कोणीतरी मीटिंगमध्ये विचारतं की याचा खऱ्या टेंडनशी संबंध काय, आणि आपण टेबलाकडे बघत बसतो.

पायरी २. टिश्यू

माणसाचं टिश्यू बहुतेक वेळा ऑपरेशनमधून उरलेलं मिळतं, गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेत हॅमस्ट्रिंग टेंडन वापरतात त्याचे उरलेले तुकडे तर नेहमीचेच. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती हातात असल्याशिवाय ट्यूबला हातसुद्धा लावू नका, आणि माणसाचं टिश्यू म्हणजे संसर्ग असू शकतो असं धरूनच बायोसेफ्टी लेव्हल २ (संसर्गाच्या धोक्यासाठी ठरलेली सुरक्षेची पातळी) मध्ये काम. प्राण्यांमध्ये उंदीर (माउस), त्याच्याहून बराच मोठा रॅट, घोडा, गाय हे जास्त वापरात. घोड्याचं पायातलं टेंडन माणसाच्या अकिलीससारखं ऊर्जा साठवणारं काम करतं म्हणून त्याच्यावर बराच अभ्यास झालाय.

टिश्यू थंड मीडियात किंवा पीबीएसमध्ये (पेशींना सोसणारं खारट द्रावण), अँटिबायोटिक घालून, बर्फावर आणायचं आणि शक्यतो त्याच दिवशी हाताळायचं. वाळू द्यायचं नाही, हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) कापताना पण दर दोन मिनिटांनी थेंब टाकत राहा.

मग साफसफाई, आणि इथे घाई करणारे पुढे रडतात. टेंडनभोवती पॅराटेनॉनचं सैल पातळ आवरण असतं, ते चिमट्याने सोलून काढा. स्नायूकडचं लालसर टोक आणि हाडाकडचं टोक दोन्ही कापून टाका, मधला भाग घ्या. आवरणातल्या पेशी टेंडनच्या आतल्या पेशींपेक्षा वेगळ्या, त्या मिसळल्या तर एक-दोन पॅसेजनंतर (पॅसेज म्हणजे पेशी सोडवून नव्या डिशमध्ये पेरण्याची एक फेरी) डिशमध्ये राज्य त्यांचंही असू शकतं. आणि दिसायला दोन्ही सारख्याच, मायक्रोस्कोपखाली फरक कळत नाही.

पायरी ३. पेशी बाहेर काढणं

दोन प्रकार. पहिला म्हणजे तुकडे ठेवून वाट बघायची. एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करा, डिशमध्ये ठेवा, आणि लगेच मीडिया ओतू नका! टेंडनचा तुकडा गुळगुळीत असतो, मीडिया ओतला की तरंगायला लागतो आणि तरंगणाऱ्या तुकड्यातून पेशी काही प्लॅस्टिकवर उतरत नाहीत. डिशच्या तळाला निर्जंतुक ब्लेडने एक-दोन ओरखडे काढा, तुकडा त्यावर दाबून बसवा, बाजूला एखादा थेंब, झाकण लावून १५-२० मिनिटं तसंच राहू द्या, मग कडेकडेने अगदी थोडा मीडिया, तुकडा बुडेल न बुडेल इतकाच. पुढचे तीन-चार दिवस डिशला हात लावायचा नाही. मी सुरुवातीला रोज सकाळ-संध्याकाळ काढून बघायचो, आल्या का, आल्या का, आणि दर वेळी मायक्रोस्कोपपर्यंत नेताना एखादा तुकडा सुटायचा, शेवटी बारापैकी दोन तुकडे जागेवर राहिले आणि पेशी त्या दोनमधूनच आल्या. आठवड्याभरात, कधी दहा दिवसांनी, तुकड्याच्या कडेने लांबट पेशी बाहेर पडताना दिसतात, सूर्याच्या किरणांसारख्या. या पद्धतीत तोटा असा की ज्या पेशी चालत बाहेर येतात त्याच तुम्हाला मिळतात, आतल्या आळशी पेशी आतच राहतात, म्हणजे निवड आपोआप झालेली असते.

दुसरा प्रकार एन्झाइमचा. टिश्यू शक्य तितकं बारीक चिरा, अगदी मिलिमीटरभर, आणि कोलॅजनेजमध्ये, म्हणजे कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये, ३७ डिग्रीला हलवत ठेवा. मिलिलिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ही नेहमीची रेंज, बरेच जण सोबत डिस्पेज हे दुसरं एन्झाइम घालतात. २००७ साली टेंडनमध्ये स्टेम पेशींसारख्या पेशी असतात हे दाखवणारं जे गाजलेलं काम झालं त्यात ३ मिलिग्रॅम कोलॅजनेज आणि ४ मिलिग्रॅम डिस्पेज असं मिश्रण होतं, अजूनही पुष्कळ लॅब तेच वापरतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, कोलॅजनेजला कॅल्शियम लागतं, त्यामुळे कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए असलेल्या द्रावणात ते घालून तीन तास वाट बघण्यात काही अर्थ नाही. वेळ किती? कोवळ्या प्राण्याचं टेंडन दोन-तीन तासांत विरघळतं, म्हाताऱ्याचं रात्रभर घेतं. पण "रात्रभर ठेवू, सकाळी बघू" हे आळसाने करू नका. मी एकदा कोवळ्या टेंडनला रात्रभर ठेवलं, सकाळी द्रावण मस्त गढूळ, म्हटलं भरपूर पेशी, ट्रिपॅन ब्लू घालून मोजल्या तर निम्म्याहून जास्त निळ्या, म्हणजे मेलेल्या. तेव्हापासून एका तासानंतर दर अर्ध्या तासाला थेंब काढून बघतो, तुकडे लोंबकळायला लागले आणि सुट्या पेशी दिसल्या की थांबायचं. मग ७० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा, सीरम असलेल्या मीडियाने धुवा, हलकं सेंट्रीफ्यूज, मोजा, पेरा.

पहिल्यांदा पेशी फारच कमी आल्या तर घाबरू नका, टेंडन आहे, यकृत नाही.

पायरी ४. मीडिया

हा तुमचा लाडका प्रश्न. डीएमईएम (तयार मिळणारा मीडिया), १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम), पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन १ टक्का, ग्लुटामिन. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ग्लुकोज कमी की जास्त यावर वाद आहेत, तुमच्या प्रश्नाला साजेसं एक घ्या आणि शेवटपर्यंत बदलू नका. सीरमचं पण तसंच, लॉट बदलला की पेशींचा वेग बदलतो, म्हणून एका प्रयोगमालेला पुरेल इतका एकच लॉट बाजूला ठेवा.

नवखे लोक ज्याला फाटा देतात ते म्हणजे व्हिटॅमिन सी. कोलॅजनच्या साखळीत प्रोलिन आणि लायसिनवर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइमना ॲस्कॉर्बिक ॲसिड लागतंच, ते नसेल तर तिपेडी गोफ नीट वळला जात नाही आणि पेशी कोलॅजन बाहेर धड टाकत नाही. स्कर्व्ही होतो तो याच कारणाने, आणि व्हिटॅमिन सी नसलेली डिश म्हणजे स्कर्व्ही झालेली डिश समजा. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड ३७ डिग्रीला मीडियात फार टिकत नाही, बाटलीत महिनाभर आधी घालून ठेवलंत तर ते नसल्यातच जमा, म्हणून ऐनवेळी ताजं घाला किंवा त्याचं टिकाऊ रूप, ॲस्कॉर्बिक ॲसिड २-फॉस्फेट वापरा.

पायरी ५. स्प्लिट, पॅसेज, फ्रीझ

डिश ७०-८० टक्के भरली की स्प्लिट करा, म्हणजे पेशी सोडवून नव्या डिशांमध्ये वाटा. पीबीएसने दोनदा नीट धुवा, कारण सीरम उरलं की ट्रिप्सिन, पेशी प्लॅस्टिकपासून सोडवणारं एन्झाइम, गप्प बसतं. ट्रिप्सिन-ईडीटीए, दोन-चार मिनिटं, पेशी गोल होऊन सुटल्या की सीरमवाला मीडिया. चौरस सेंटिमीटरला ५,००० च्या आसपास पेरा. व्हिटॅमिन सी बरेच दिवस दिलं असेल तर पेशींनी स्वतःभोवती जाळं विणलेलं असतं, मग ट्रिप्सिनने सुट्या होण्याऐवजी अख्खा पापुद्रा चादरीसारखा उचलला जातो, तेव्हा थोडा वेळ कोलॅजनेज दिलं की काम होतं.

आता तो विसरण्याचा मुद्दा. पॅसेज वाढत गेला की लांबट निमुळती पेशी रुंद, पसरट होत जाते, कोलॅजन १ आणि ३ चं गुणोत्तर बदलतं, डेकोरिन हे कोलॅजनच्या तंतूंना चिकटणारं प्रथिन उतरतं. मी तिसऱ्या पॅसेजच्या पुढच्या पेशींवर प्रयोग करत नाही. काही जण पाचव्यापर्यंत जातात, जावोत, पण पॅसेज नंबर लपवू नका आणि तुलना करायच्या गटांमध्ये तो एकच ठेवा. कंट्रोल दुसऱ्या पॅसेजचा आणि ट्रीटमेंट चौथ्याची, हे मी खरंच बघितलंय.

त्यामुळे पहिल्याच पॅसेजला भरपूर व्हायल गोठवा. ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना बर्फाच्या स्फटिकांपासून पेशी वाचवणारं द्रव), व्हायलला ५ ते १० लाख पेशी, मिनिटाला एक डिग्रीच्या वेगाने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. गोठवताना हळू आणि वितळवताना झटपट.

पायरी ६. ओळखपत्र तपासा

या पेशी टेंडनच्याच आहेत कशावरून? एकच असा मार्कर, म्हणजे ओळखीची खूण ठरणारं जीन, नाही की जो दिसला म्हणजे शिक्कामोर्तब. स्क्लेरॅक्सिस हा सगळ्यात प्रसिद्ध, गर्भात टेंडन घडताना लवकर येतो. टेनोमॉड्युलिन नंतरचा, परिपक्वतेचा. मोहॉक, टेनॅसिन सी, कोलॅजन १ हे सोबतीला. कोलॅजन १ तर त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये पण ढिगाने असतं, त्याच्या एकट्याच्या जोरावर 'टेनोसाइट' म्हणू नका. तीन-चार जीन एकत्र बघा, शेजारी त्याच डोनरचं ताजं टेंडन तुलनेला ठेवा. ती तुलना बघून पहिल्यांदा वाईट वाटतं, टेनोमॉड्युलिन प्लॅस्टिकवर इतकं खाली आलेलं असतं.

अख्खा तुकडा जिवंत ठेवायचा असेल तर

रॅटची शेपटी ही नवख्यांसाठी देणगीच आहे. शेपटीच्या टोकाजवळची कातडी कापा, टोक चिमट्यात धरून हलकेच ओढा, आतून केसासारखे पांढरे चमकदार धागे सरसर बाहेर येतात, हे फॅसिकल. एका शेपटीतून डझनावारी मिळतात, म्हणजे एकाच प्राण्याचे कंट्रोल आणि ट्रीटमेंट दोन्ही. मायक्रोस्कोपखाली धागा सैल ठेवून बघा, आडव्या पट्ट्या पट्ट्या दिसतील, ती कोलॅजनची नागमोड. दोन्ही टोकं धरून किंचित ताणा, पट्ट्या नाहीशा होतात, सोडा, परत येतात. ज्या धाग्यात सोडल्यावर त्या परत येत नाहीत तो काढतानाच जास्त ओढला गेलाय, फेकून द्या. मी प्रत्येक नवीन पोराला आधी हा खेळ करायला लावतो, कारण हाताला किती जोर चालतो ते प्रोटोकॉल वाचून कळत नाही.

आता हे धागे नुसते मीडियात टाकून ठेवले तर? पेशी जगतात, पण ताण गेल्यामुळे २४ तासांच्या आत कोलॅजन कातरणारं एन्झाइम, एमएमपी-१३, चढायला लागतं आणि टेंडन स्वतःलाच कुरतडायला घेतं. थोडासा चक्राकार ताण दिला, अगदी १ टक्का, तरी ते दबतं हे रॅटच्या शेपटीवरच दाखवलेलं आहे. आणखी एक गंमत, इथे सीरम, ३७ डिग्री आणि हवेतला पूर्ण ऑक्सिजन हा नेहमीचा थाट उलटा पडतो. उंदराच्या शेपटीच्या धाग्यांवर सीरम काढून, तापमान २९ डिग्रीच्या आसपास आणि ऑक्सिजन ३ टक्क्यांवर आणून बघितलं तर पेशी मूळ रूपाच्या जास्त जवळ राहिल्या. जिथून धागा काढला ती शेपटी काही ३७ डिग्रीला नसतेच, विचार केला तर पटतं.

त्रिमितीय कल्चर

माझं सगळ्यात आवडतं काम, त्यामुळे जरा पाल्हाळ. सहा खणांच्या प्लेटमध्ये तळाला सिलिकॉनचा थर ओतून घट्ट करा, त्यावर टाक्यांच्या दोऱ्याचे दोन छोटे तुकडे एकमेकांपासून सेंटिमीटरभर अंतरावर बारीक टाचण्यांनी रोवा. पेशी फायब्रिनोजेनमध्ये मिसळा, थ्रॉम्बिन घाला (रक्त गोठवणारी ही जोडी, मिळून फायब्रिनचं जेल होतं) आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, खणात पसरवा, कारण दहा-पंधरा सेकंद जरी रेंगाळलात तर जेल पिपेटमध्येच बसतं. पाच मिनिटांत घट्ट होतं, मग व्हिटॅमिन सीवाला मीडिया. पुढच्या काही दिवसांत पेशी जेलला आत खेचायला लागतात. कडेला चिकटलेलं जेल दर एक-दोन दिवसांनी पिपेटच्या टोकाने अलगद सोडवत राहा, नाहीतर एका बाजूला फाटतं. आठवड्याभरात गोल चकतीची लांबट पट्टी होते आणि मग दोन दोऱ्यांमध्ये ताणलेली एक तार. पेशी त्या तारेच्या दिशेतच रांगा धरतात. तार एका टोकाला कापली, ताण गेला, की ही शिस्त पण जाते. मँचेस्टरच्या कार्ल केडलर यांच्या गटाने २००८ साली हीच रचना वापरून दाखवलं की ताण असेल तरच पेशी तंतू बाहेर काढणारी ती बोटासारखी रचना, फायब्रिपॉझिटर, बनवते. फायब्रिन पेशी पचवून टाकतात म्हणून काही प्रोटोकॉलमध्ये ते रोखणारं द्रव्य मीडियात घालतात, तुमच्या तारा दहाव्या दिवशी बारीक होऊन तुटायला लागल्या तर तिकडे लक्ष द्या.

कोलॅजन जेलपण चालतं, ते स्वस्त आणि सोपं, फक्त सगळं बर्फावर करायचं, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता घालवायची, मीडियाचा रंग पिवळ्याचा गुलाबी झाला की पेशी टाकायच्या. आधी टाकल्या तर आम्लात मरतात.

ताण देणारं मशिन

सपाट सिलिकॉन पडद्यावर पेशी बसवून पडदा ताणणारी यंत्रं मिळतात. दोन गोष्टी सांगतो. पडदा ५ टक्के ताणला म्हणजे पेशी ५ टक्के ताणली असं नाही. आणि गुळगुळीत पडद्यावर एकाच दिशेने चक्राकार ताण दिला तर पेशी ताणाच्या दिशेत न लागता त्यापासून तोंड फिरवून आडव्या लागतात, टेंडनमध्ये असतं त्याच्या बरोब्बर उलट. बारीक खाचा असलेला पडदा घेतला की मुकाट्याने खाचेत राहतात. फॅसिकल ताणत असाल तर पकडीतून धागा घसरतोय का ते खूण करून बघा, नाहीतर तुम्ही टेंडन नाही, घसरण मोजताय.

मोजमाप, आणि दोन जुनी दुखणी

आरएनए काढताना कोलॅजन आडवं येतं आणि पेशी मुळात कमी, त्यामुळे तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पूड करा, मऊ टिश्यूसारखं नुसतं होमोजिनाइझ करून भागत नाही. एकूण कोलॅजनसाठी हायड्रॉक्सीप्रोलिन (कोलॅजनमधलं खास अमिनो ॲसिड) मोजा, पण त्यातून टाइप १ की ३ हे कळत नाही. आकडा डीएनएच्या प्रमाणात लिहा, नाहीतर जास्त पेशी असलेली डिश उगाच भारी ठरते.

पहिलं दुखणं मायकोप्लाझ्मा, एक अगदी बारीक जीवाणू. मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून निसटतो, आणि पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. पेशी फक्त थोड्या मंद होतात आणि रिझल्ट डळमळतात. दर महिन्याला पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करा, बाहेरून आलेली प्रत्येक व्हायल आधी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. आम्ही एकदा हे केलं नाही आणि चार महिन्यांचं काम ऑटोक्लेव्हमध्ये गेलं.

दुसरं दुखणं आकड्याचं. एका डोनरच्या पेशी तीन वेलमध्ये टाकल्या म्हणजे एन, स्वतंत्र नमुन्यांची संख्या, तीन होत नाही, एकच राहतो. टेंडनमध्ये डोनरगणिक फरक प्रचंड, वय वेगळं, जागा वेगळी, आधीची दुखापत वेगळी. त्यामुळे पेशी काढायला घ्यायच्या आधीच वहीत लिहून ठेवा की किती डोनर लागणारेत, आणि प्रत्येक व्हायलवर डोनरचा कोड, टेंडनचं नाव, पॅसेज आणि तारीख अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनाने.